एकसंध काठी आणि विमान

गेल्या खेपेस मुंजीच्या वाढत्या खर्चाविषयीं लिहितांना पळसाच्या दंडाचा उल्लेख ओघानें आला होता. या महिन्यांत पुन्हां काठीवरच लिहिण्याची पाळी आमच्यावर आली आहे. मात्र ही काठी बटूच्या हातची नव्हे. बिलियर्ड व स्नूकर या खेळांत जिनें चेंडू ढकलतात ती ही काठी. खेळणारे तिला क्यू म्हणतात. ती विमानांतून न्यावी कशी, या एका प्रश्नानें आमच्या घराची झोंप चार महिने उडविली होती.

आमचे धाकटे काका रेल्वेंत होते. नोकरी फिरतीची, जेथें रेल्वेच्या इन्स्टिट्यूटांत बिलियर्डचें मेज असे, तेथें संध्याकाळीं काका असावयाचेच. निवृत्त होऊन निघालेल्या एका गार्डाकडून त्यांनीं ही क्यू विकत घेतली होती. अ‍ॅश नांवाच्या विलायती झाडाचें फिकट लांकूड, मुठीकडे काळें आबनूस, टोंकाला पितळी कडें व त्यावर कातड्याची टिकली. लांबी 58 इंच, वजन अर्ध्या किलोच्या आसपास, आणि मधें सांधा कोठेंहि नाहीं. आमच्या वडिलांना भावाचा हा नाद मुळींच आवडत नसे, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांलाहि नसे. बिलियर्ड हा शब्द आमच्या कानांवर पैज, धूर व रात्रीं उशिरां घरीं येणें यांच्याच संगतींत पडत आलेला. काकांचा खेळ आम्हीं एकदांहि पाहिला नाहीं. 1991 सालीं ते वारले आणि क्यू माळ्यावर गेली.

पांच वर्षांपूर्वीं दिवाळीची झाडलोट करतांना ती आमच्या नातवाच्या हातीं लागली. तेव्हांपासून ती त्याची. चिरंजीव आतां सतरा वर्षांचे असून अभ्यासांत बरे आहेत, त्यामुळें आम्हांस बोलण्यास जागा राहिली नाहीं. शिवाय "आजोबा, हा खेळ विलायती कसा?" असें विचारून त्यानें आमची इतिहासाची उजळणी घेतली. स्नूकरचा जन्म 1875 सालीं आपल्या जबलपुरास, फौजी अधिकाऱ्यांच्या भोजनगृहांत, चेंबरलेन नांवाच्या एका तरुण अधिकाऱ्याच्या हातून झाला, आणि त्याचे नियम पुढें उटकमंडच्या क्लबांत बांधले गेले. (पंतप्रधान चेंबरलेन ते हे नव्हेत.) पुण्यास 1922 सालीं जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनीं 1958 सालीं कलकत्त्यास बिलियर्डचें हौशी जगज्जेतेपद मिळविलें, वैयक्तिक खेळांत जगज्जेता झालेला हा पहिला भारतीय. 1964 सालीं न्यूझीलंडांत त्यांनीं तें पुन्हां मिळविलें. आम्ही चाळीस वर्षें शाळेंत सनावळ्या शिकविल्या; या दोन सनावळ्या आम्हांस नातवानें शिकविल्या.

गेल्या मार्गशीर्षांत त्याला बंगळुरास एका स्पर्धेसाठीं जावयाचें होतें. परीक्षा तोंडावर, म्हणून आगगाडीचे दिवस वांचवून विमानानें जाण्याचें ठरलें व सोबत आम्ही निघालों. मिग विमानांच्या कारखान्यानें 1964 पासून ओळखीचें झालेलें ओझर आतां उतारूंच्या विमानांचेंहि ठाणें झालें आहे. क्यूसाठीं नातवानें पिंपळगांवच्या एका मित्राकडून द्राक्षबागेस पाणी नेण्याचा तीन इंची पाइप पांच फूट कापून आणिला, दोन्ही टोंकांस टोपणें बसविलीं, आणि आमच्या सौ.च्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या आंत कोंबून क्यू त्यांत निजविली. पण मनांतून त्याची इच्छा ती हातीं नेण्याचीच होती. स्टीफन हेन्ड्री या स्कॉटिश खेळाडूनें जिच्यावर सात जागतिक अजिंक्यपदें मिळविलीं ती क्यू 2003 सालीं थायलंडहून परततांना विमानाच्या सामानांत मोडली, ही कथा या मुलांना आपल्याकडील मुलांना ध्रुवाची असते तशी पाठ असते.

तेव्हां क्यू पाइपांतून काढून, कापडी म्यानांत घालून, आम्ही दोघे तपासणीच्या दाराशीं गेलों. रक्षक तरुण व विनयशील होता.

"हें काय आहे?"

"खेळण्याची काठी आहे. बिलियर्डची," नातू म्हणाला.

"आंत नेतां येणार नाहीं. सामानांत द्या."

आम्हीं मध्यें पडून सांगितलें कीं आम्ही ती दोन्ही गुडघ्यांमध्यें उभी धरून बसूं, कोणास लागूं देणार नाहीं. त्यानें मान हालविली. मग आम्हीं आमच्या हातांतली शिसवीची, खालीं लोखंडी वेढ असलेली काठी पुढें केली व विचारिलें, "आणि ही?" त्यानें ती यंत्रांतून फिरवून दोन्ही हातांनीं आम्हांस परत दिली. "आजोबा, ही तुमची चालण्याची. ही चालेल." वजनाचें म्हणाल तर आमची काठी क्यूच्या दीडपट भरेल, आणि डोक्यांत घातली तर परिणामहि त्याच प्रमाणांत होईल. हें आम्हीं त्याला बोलून दाखविलें नाहीं. दाखविलें असतें तर आमचीहि गेली असती.

नियम असा आहे. क्रिकेटची बॅट, हॉकीची काठी, गोल्फचे दांडे व बिलियर्डची क्यू यांना विमानांत उतारूंबरोबर बसण्याची मनाई. पोटांतल्या सामानांत त्यांनीं खुशाल जावें. वृद्ध व अपंगांची चालण्याची काठी तपासून सोडतात. अमेरिकेंतहि असेंच आहे. तेथील सुरक्षा-खात्यानें 2013 च्या मार्चांत लहान चाकूंबरोबर क्यू, हॉकीच्या काठ्या व दोन गोल्फदांडे हातीं नेण्यास मोकळीक जाहीर केली होती. पण विमानांतील सेवकवर्गानें इतकी ओरड केली कीं जूनमध्यें तो बेत सोडून द्यावा लागला. नातू रागावला होता. आम्हांस मात्र, विमान वर चढल्यावर, मनुस्मृतीचा दुसरा अध्याय आठवला. ब्राह्मणाचा दंड केसांपर्यंत, क्षत्रियाचा कपाळापर्यंत, वैश्याचा नाकापर्यंत असें माप तेथें आहे (क्यू हनुवटीच्या आसपास यावी असें जुने खेळाडू सांगतात); आणि दंड सरळ, अव्यंग, दिसण्यांत सौम्य व लोकांना भय न उपजविणारा असावा असेंहि म्हटलें आहे. लहानपणापासून पाठ असलेल्या या शेवटल्या अटीचा अर्थ आम्हांस ओझरच्या दाराशीं कळला. बटूचें मन निर्मळ आहे कीं नाहीं हें शास्त्रकारांनीं विचारिलें नाहीं. काठी पाहून दुसऱ्याला काय वाटेल तें विचारिलें. त्या तरुणानेंहि तेंच केलें. त्याच्यापुढून दिवसांत शेंकडो माणसें जाणार. प्रत्येकाच्या मनाची झडती तो कशी घेणार? त्याच्याविषयीं आमची तक्रार नाहीं.

तक्रार असली तर पुढची आहे. क्यू पुन्हां पाइपांत घालून सामानाच्या खिडकीशीं आलों, तों तेथें मोजपट्टी निघाली. बहुतेक विमानकंपन्यांत एका नगाची लांबी, रुंदी व उंची यांची बेरीज 158 सेंटिमीटरांच्या आंत असावी लागते. आमच्या पाइपाची 170 भरली. बरीच विचारपूस होऊन नग घेतला गेला, पण "नुकसान झाल्यास कंपनी जबाबदार नाहीं" अशा चिठ्ठीवर आमची सही घेऊन. आम्हीं घाईंत ती केली. वाचकांनीं करूं नये. निदान वाचल्यावांचून करूं नये. देशांतल्या प्रवासांत सामानाच्या हानीबद्दल साधारणपणें 20,000 रुपयांपर्यंत भरपाई मागतां येते, आणि मोडतोडीची तक्रार सामान मिळाल्यापासून सात दिवसांच्या आंत लेखी करावी लागते. सामान हातीं येतांच विमानतळावरच उघडून पाहावें आणि तेथेंच लिहून द्यावें, हें उत्तम. घरीं येऊन देवापुढें साखर ठेवून मग उघडणाऱ्यास कोणी विचारीत नाहीं.

जातांना क्यू सुखरूप पोंचली. बंगळुरास नातवानें ती तासभर पाइपांतच राहूं दिली. विमानाच्या पोटांतल्या थंडींतून आलेलें लांकूड एकदम बाहेरच्या हवेंत काढूं नये म्हणतात. पहिला डाव तो जिंकला, दुसऱ्यांत हरला. आम्ही खुर्चीवर बसून होतों. पैज नव्हती, धूर नव्हता. संध्येच्या वेळीं असावी तशी शांतता होती, आणि हनुवटी काठीला टेकवून मुलगा इतका वेळ निश्चल राही कीं आमच्या वर्गांत तो कधीं तसा बसता तर आम्हीं त्याला बक्षीस दिलें असतें. काकांचा खेळ पाहावयास आम्हांस कोणी अडविलें होतें, हें तेवढ्या वेळांत बरेंच वेळां मनांत आलें.

परततांना एक टोपण निसटलें. घरीं पाइप उघडला तों पितळी कडें चेपलेलें, टिकली नाहींशी झालेली, आणि लांकडांत बोटभर चीर. सही आमची होती, बोलणार कोणाला?

नातवाला घेऊन आम्ही पंचवटी एक्सप्रेसनें मुंबईस क्यू दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडे गेलों. त्यानें चीर उजेडाकडे धरून पाहिली व म्हणाला, दीड इंच टोंक काढून नवें कडें बसवूं. पण अशीच अखंड नेत राहिलांत तर पुढल्या खेपेस मधोमध जाईल. कापा आणि पितळी सांधा बसवून घ्या. लांबीचा प्रश्न नव्हता. स्नूकरच्या नियमाप्रमाणें क्यू तीन फुटांहून कमी नसली म्हणजे झालें.

त्यावर घरांत आठ दिवस वाद झाला. आमचे चिरंजीव इंजिनियर. ते म्हणाले, कापावी. आम्ही म्हणालों, मुळींच नाहीं. एकसंध लांकडांतून चेंडूचा धक्का हाताला जसा कळतो तसा सांध्यांतून कळत नाहीं, असें नातवाकडूनच ऐकलेलें आम्हीं आपलें म्हणून सांगितलें. खरें कारण तें नव्हतें. ज्या वस्तूकडे पाहून आम्हीं तीस वर्षें नाक मुरडलें तिच्यावर आतां आमच्याच संमतीनें करवत चालावी, हें सोसवेना. नातू गप्प होता; मालकी आपली नाहीं हें तो जाणून होता.

अखेर काकूंना विचारिलें. त्यांचें वय शहाऐंशी. ऐकूं कमी येतें, पण हें सर्व त्यांनीं ऐकलें होतें.

"अरे नाना," त्या म्हणाल्या, "यांच्या छत्रीचा दांडा मीं दोनदां बदलला आणि वर कापडहि नवें घातलें. अजून ती यांचीच छत्री म्हणतोस ना? मग कापा. आणि यांना बदलीच्या गांवीं ती गाडींत न्यावयाची म्हणजे काय कटकट होती, तें तूं विचारलेंस कधीं? वरच्या फळीवर मावत नसे. रात्रभर उभी धरून बसत."

करवत लागली तेव्हां आम्ही रस्त्यावर जाऊन उभे राहिलों होतों. आतां क्यू साडेछप्पन इंच असून तिचे दोन तुकडे सव्वा-सव्वादोन फुटांचे झाले आहेत. कठीण पेटींत घालून ते आमच्या धोतरांच्या बॅगेंतहि मावतात. पहिले आठ दिवस नातू "आवाज बदलला" म्हणत होता. नंतर म्हणेनासा झाला. टोंकाचा दीड इंचाचा तुकडा काकूंनीं मागून घेतला. तो कोठें ठेविला आहे हें आम्हीं विचारिलें नाहीं. पाइप फेंकून देण्यासारखा नव्हता. तो अंगणांतल्या कर्दळीस पाणी नेण्यास लाविला आहे.