टिकाऊपणाचा हिशेब

स्थापत्य अभियंत्याच्या हाती नवा पदार्थ येतो तेव्हा तो प्रथम आपल्या बळाच्या आकड्यांनी त्याचे मन जिंकतो. तो पदार्थ किती वर्षे टिकेल हा प्रश्न मात्र पुष्कळ उशिरा, बहुधा पहिल्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक मंजुरीसाठी पुढे येते त्या वेळी, विचारला जातो. पोलादी सळईच्या बाबतीत असेच घडले, पूर्वप्रतिबलित काँक्रीटमधील तारांच्या बाबतीत असेच घडले, आणि काचेचे किंवा कार्बनचे तंतू राळेत बांधून सिद्ध होणाऱ्या संमिश्र पदार्थांच्या बाबतीतही तेच घडू पाहत होते. हा प्रश्न वेळेवर आणि आग्रहाने विचारणारे जे थोडे संशोधक निघाले, त्यांत डॉ. विस्तास्प कारभारी यांची गणना करावी लागेल. पुणे विद्यापीठात स्थापत्य आणि संरचना अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते अमेरिकेत गेले, 1991 साली त्यांनी डेलावेअर विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली, 1995 पासून सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी अध्यापन व संशोधन केले, 2008 मध्ये हंट्सव्हिल येथील अलाबामा विद्यापीठाचे ते प्रोव्होस्ट झाले आणि 2013 ते 2020 या काळात त्यांनी आर्लिंग्टन येथील टेक्सास विद्यापीठाचे अध्यक्षपद भूषविले. या कारकिर्दीचा परामर्श येथे घेत आहोत तो कोणत्याही सत्कारसमारंभाच्या निमित्ताने नव्हे. आपल्या शहरांतून जुन्या इमारतींच्या कॉलमना आणि पुलांच्या गर्डरांना फायबरचे वेष्टन करण्याची कामे आज सर्रास निघत आहेत, आणि ती कामे करणाऱ्या, करवून घेणाऱ्या व तपासणाऱ्या आमच्या वाचकांना या कारकिर्दीतून घेण्यासारखे पुष्कळ आहे, अशी आमची खात्री आहे.

डेलावेअर विद्यापीठाचे संमिश्र पदार्थांचे केंद्र 1974 साली स्थापन झाले. त्या काळी या पदार्थांचे खरे गिऱ्हाईक म्हणजे विमानविद्या. विमानाच्या पंखाचा भाग बंदिस्त कारखान्यात, मोजलेल्या तपमानात व दाबात, ऑटोक्लेव्हमध्ये शिजून तयार होतो. त्याच्या प्रत्येक थराची नोंद राहते, आणि सेवेत असताना त्याची तपासणी ठरल्या मुदतीत, ठरल्या पद्धतीने होते. पुलाच्या खांबाला यांपैकी काहीच लाभत नाही. त्याच्यावरची राळ उघड्या आकाशाखाली, हवेच्या तपमानात, मिळेल त्या वेळी घट्ट होते. तिच्यावर पाऊस पडतो, ऊन पडते, आणि एकदा काम पुरे झाले की पुढची तपासणी केव्हा होईल हे संबंधित खात्यालाही ठाऊक नसते. विमानासाठी जमविलेली टिकाऊपणाची आकडेवारी पुलाला जशीच्या तशी लावता येणार नाही, ही गोष्ट सांगितल्यावर उघड वाटते. परंतु ती प्रयोगाने दाखवून देणे, आणि पुलाला लागू पडेल अशी निराळी आकडेवारी उभी करणे, हे कारभारींच्या पिढीतील संशोधकांचे आयुष्यभराचे काम ठरले.

त्यांना कार्यक्षेत्र मिळाले ते कॅलिफोर्नियाचे. 17 ऑक्टोबर 1989 चा लोमा प्रिएटा येथील आणि 17 जानेवारी 1994 चा नॉर्थरिज येथील, या दोन भूकंपांनी त्या राज्यातील जुन्या पुलांच्या खांबांची दुर्बलता चव्हाट्यावर आणली. आडव्या सळया विरळ असलेला खांब भूकंपात कातरबळाने तुटतो, किंवा पायथ्याशी जेथे उभ्या सळया एकमेकींवर चढविलेल्या असतात तेथे तो उकलतो. त्याला बाहेरून पोलादाचे कवच चढविण्याचा उपाय आधी निघाला. पाठोपाठ, तेच काम हलक्या तंतुवेष्टनाने करता येईल हे सॅन डिएगोच्या प्रयोगशाळेत पूर्णाकृती खांब मोडून मोडून सिद्ध करण्यात आले. वेष्टन काँक्रीटला चहूबाजूंनी आवळून धरते, म्हणून ते फुटण्यापूर्वी पुष्कळ अधिक आकुंचन सहन करते. गोल खांबात हा आवळ सर्वत्र सारखा बसतो, चौकोनी खांबात तो कोपऱ्यांपाशी एकवटतो आणि मधल्या सपाट बाजू जवळजवळ मोकळ्याच राहतात. याच संशोधकसमूहाच्या कामातून सॉल्टन सरोवराजवळ, 86 क्रमांकाच्या राज्यमार्गावर, किंग्ज स्टॉर्मवॉटर चॅनेलवरचा पूल उभा राहिला. त्याच्या तुळया म्हणजे काँक्रीटने भरलेल्या कार्बन-तंतूंच्या नळ्या, आणि त्याचा तक्ता काच-तंतूंचा. असा पूल प्रत्यक्ष वाहतुकीखाली येणे ही संमिश्र पदार्थांच्या दृष्टीने मोठीच घटना होती. तथापि त्या पुलाकडे विजयस्तंभ म्हणून न पाहता वर्षानुवर्षे मापने घेण्याचे साधन म्हणून पाहणे, हा या मंडळींचा विशेष आम्हांस अधिक मोलाचा वाटतो.

येथे आपल्या नित्याच्या कामाकडे वळू. एखाद्या इमारतीच्या तळमजल्यावर, वाहने उभी करण्याच्या जागेत, कॉलमला वेष्टन करण्याचे काम चालले आहे असे समजा. गिलावा उतरविला आहे, सुटलेले काँक्रीट काढून दुरुस्तीचा मसाला भरला आहे, ग्राइंडरने पृष्ठभाग घासून कोपरे गोल केले आहेत. या गोलाईची त्रिज्या किमान 13 मिलिमीटर असावी असे अमेरिकन काँक्रीट संस्थेची मार्गदर्शिका सांगते, परंतु मिस्त्री बहुधा अंगठा फिरवूनच समाधान मानतो. मग प्रायमर, मग पुटी, मग राळ आणि हार्डनर यांचे मिश्रण, आणि त्यात भिजविलेले कापड. रोलर तंतूंच्या दिशेने फिरवून आतली हवा बाहेर काढावयाची असते. ती राहिली तर राळ घट्ट झाल्यावर नाण्याने ठोकून पाहिले असता त्या जागी भद्द आवाज येतो. एवढ्या कृतीत चूक करण्याच्या जागा किती आहेत! काँक्रीट आतून ओले होते काय, मिश्रणाचे प्रमाण वजनाने घेतले की डब्याच्या अंदाजाने, बादलीत राळ गरम होऊन घट्ट होऊ लागल्यावरही ती वापरली काय, हे दुसऱ्या दिवशी कोणीही सांगू शकत नाही. कारण वरून पाहता चांगले वेष्टन आणि वाईट वेष्टन सारखेच चकचकीत दिसते.

पुढचा भाग रसायनाचा आहे. कार्बनचा तंतू पाण्याला दाद देत नाही, पण त्याला धरून ठेवणारी राळ पाणी शोषते. हवेच्याच तपमानात घट्ट झालेल्या इपॉक्सीचे काचसंक्रमण तपमान, ज्याला आपण साइटवर नुसते ‘टीजी’ म्हणतो, ते पुष्कळदा 60 ते 80 अंश सेल्सिअसच्या आसपास असते, आणि शोषलेले पाणी ते आणखी खाली आणते. वैशाखातल्या उन्हात पश्चिमेकडच्या उघड्या काँक्रीटचा पृष्ठभाग किती तापतो, याचा अनुभव आपणांपैकी प्रत्येकाला आहे. काचेच्या तंतूचे दुखणे निराळे: काँक्रीटच्या छिद्रांतील द्रावाचा पीएच 13 च्या जवळपास असतो, आणि तो अल्कली काचेला पोखरतो. म्हणूनच उपरोक्त मार्गदर्शिका, कार्बन-इपॉक्सीचे बळ प्रतिकूल वातावरणात 0.85 ने गुणून घ्यावे असे सांगत असता, काच-इपॉक्सीचे 0.50 नेच गुणावयास लावते. म्हणजे निम्मे बळ पहिल्याच दिवशी हिशेबातून वजा. हे गुणक सावधगिरीच्या अंदाजाने ठरविलेले आहेत. तो अंदाज सुधारावयाचा तर प्रत्यक्ष कामांचे दाखले हवेत. प्रयोगशाळेत तापलेल्या अल्कलीच्या टाकीत काही महिने नमुने बुडवून त्यावरून पन्नास वर्षांचे भाकीत करण्याची रीत आहे, पण टाकीचे तपमान टीजीच्या वर गेले की राळेचे वर्तनच पालटते आणि भाकिताचा पाया सुटतो.

2003 साली कारभारी आणि त्यांचे सहकारी यांनी जो लेख प्रसिद्ध केला, त्याचे महत्त्व या ठिकाणी आहे. स्थापत्यात वापरल्या जाणाऱ्या तंतुप्रबलित पदार्थांच्या टिकाऊपणाविषयी आपल्याला नक्की काय माहीत आहे आणि काय माहीत नाही, याची ती एक प्रामाणिक तपासणी होती. ओलावा, अल्कली, उष्णतेचे फेरे, सततच्या भाराखालची सरक, थकवा, अतिनील किरण आणि आग, अशा एकेका कारणाखाली त्यांनी उपलब्ध माहिती तपासली, आणि कोणती उणीव आधी भरून काढणे निकडीचे आहे ते क्रमाने मांडले. आकडेवारी अगदीच नाही असे नव्हते. पण ती विखुरलेली होती, पुष्कळशी उत्पादकांच्या दफ्तरांत बंद होती, आणि निरनिराळ्या राळा व निरनिराळ्या पद्धती यांमुळे एकमेकींशी ताडून पाहता येत नव्हती. नव्या पदार्थाच्या पुरस्कर्त्यानेच त्याच्याविषयीच्या अज्ञानाची यादी जाहीर करावी, याला एक प्रकारचे धैर्य लागते, आणि या लेखाबद्दल आमच्या मनात जो आदर आहे तो मुख्यतः यासाठी आहे. 2007 मध्ये त्यांनी याच विषयावरचा ग्रंथ संपादित केला. 2009 मध्ये संरचनांच्या प्रकृति-निरीक्षणावरचा, आणि 2013 मध्ये अविनाशी परीक्षणावरचा.

यांपैकी शेवटचे दोन ग्रंथ निघाले तेव्हा ते प्रशासनात होते. प्रोव्होस्टच्या पदावर बसलेल्या संशोधकाला कोणत्या प्रसंगांना तोंड द्यावे लागेल याचा नेम नसतो. हंट्सव्हिलच्या विद्यापीठात फेब्रुवारी 2010 मध्ये एका विभागाच्या बैठकीत गोळीबार होऊन तीन अध्यापक मृत्युमुखी पडले, तेव्हा कारभारी त्याच पदावर होते. पुढे त्यांच्या अध्यक्षपदाच्या काळात, 2016 साली, आर्लिंग्टनच्या विद्यापीठाला कार्नेगी वर्गवारीत सर्वोच्च संशोधनश्रेणी मिळाली. त्या कार्यकाळाची अखेर निर्वेध झाली नाही. ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यवस्थेविषयी प्रश्न उपस्थित झाले आणि 2020 मध्ये त्यांनी पद सोडले. त्या प्रकरणाचा निवाडा करणे हे या मासिकाचे काम नव्हे.

चांगला संशोधक खुर्चीवर बसला की विद्या बुडाली, अशी हळहळ आपल्याकडे नेहमी व्यक्त होते. टिकाऊपणाच्या शास्त्रापुरते तरी आमचे मत याहून निराळे आहे. दहा वर्षे समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात ठेवावयाचा नमुना कोणाच्या हवाली करावयाचा? पीएच.डी.चा विद्यार्थी चारपाच वर्षांत निघून जातो, अनुदानाची मुदत त्याहून कमी असते, प्राध्यापकाची बदली किंवा निवृत्ती ठरलेली असते. नमुना सांभाळण्याची शाश्वती फक्त संस्थेला देता येते, आणि संस्थेकडून ती देवविण्याचा अधिकार प्रशासकाकडे असतो. आमच्या पाहण्यातील एका महाविद्यालयात गच्चीवर मांडलेले वेष्टित दंडगोल, त्यांची देखरेख करणारे प्राध्यापक निवृत्त झाल्यानंतर, रंगकामाच्या वेळी अडगळ म्हणून खाली टाकण्यात आले. त्यांच्यावरचे खडूने घातलेले आकडे पावसाने तोवर पुसले होतेच. तेथील कोणाचाही हेतू वाईट नव्हता. नमुने ज्याच्या नावे दफ्तरी नोंदलेले आहेत असा कोणी अधिकारीच नव्हता, एवढेच. प्राचार्याच्या किंवा कुलगुरूच्या पदावर प्रयोगाची किंमत जाणणारा मनुष्य असेल, तर अशी नोंद एका सहीने होऊ शकते.

आपला किनारा या शास्त्राची निकड कोणाहीपेक्षा अधिक जाणतो. 1970 साली वाहतुकीस खुला झालेला मांडवीवरचा पूल 5 जुलै 1986 रोजी कोसळला, तो आतल्या तारांना लागलेल्या गंजामुळे; ठाण्याच्या खाडीवरील पहिल्या पुलाच्या तारांनीही तेच दुखणे भोगले. गंज न चढणारा तंतू या प्रदेशात स्वागतार्ह ठरावा यात नवल नाही. परंतु कोकणातील पावसाळ्याची आर्द्रता, मराठवाड्यातील उन्हाळा आणि आपल्या साइटवरची कारागिरी या तिन्हींखाली तो कसा वागतो, याचे उत्तर कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातील पुलावरून मिळणार नाही. ते येथेच मिळवावे लागेल. वेष्टनाची हजारो चौरस मीटर कामे झाली असतील. त्यांतली किती कामे पाच वर्षांनी कोणी ठोकून पाहिली, किती ठिकाणी चकती चिकटवून ओढ-चाचणी पुन्हा घेतली, हे विचारले असता बहुतेक ठिकाणी मौन असते. कंत्राटदाराची हमी संपली की फाइल बंद होते.

म्हणून या अंकापासून आम्ही एक तजवीज करीत आहोत. ज्या वाचकांनी तंतुवेष्टनाचे काम केले असेल त्यांनी पुढील तपशील आमच्याकडे पाठवावा: कामाचा महिना व वर्ष, तंतूचा प्रकार व थरांची संख्या, राळेचा प्रकार, काम करतेवेळचे तपमान व आर्द्रता, काँक्रीटची अवस्था, आणि ओढ-चाचणीचे आकडे, मग ते 1.4 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरच्या किमान मर्यादेखाली आले असले तरी. मालकाचे, इमारतीचे किंवा कंपनीचे नाव आम्ही छापणार नाही. ज्यांना त्याच जागी पुन्हा तपासणी करता येईल त्यांनी ती तिसऱ्या, पाचव्या व दहाव्या वर्षी करून तिचा निष्कर्ष कळवावा. आलेली माहिती दर वर्षीच्या जानेवारी अंकात कोष्टकाच्या रूपाने प्रसिद्ध होईल, आणि मूळ नोंदवही आमच्या कार्यालयात कोणाही अभियंत्यास कामाच्या वेळात पाहावयास मिळेल. फसलेल्या कामांची माहिती प्रथम पाठवावी, अशी आमची खास विनंती आहे.