अंग गोठते तेव्हा

२६ मार्च १९७२. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते. बहिणीला पळवून नेल्याची तक्रार भावाने केली, म्हणून चौदा-सोळा वर्षांच्या एका आदिवासी मुलीला रात्री पोलीस ठाण्यात आणले गेले. तिथेच दोन पोलिसांनी तिच्यावर अत्याचार केल्याचा खटला उभा राहिला. नागपूर खंडपीठाने दोघांना शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ती रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, झटापटीची खूण नाही, म्हणजे संमती होती, असा तो तर्क. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या अध्यापकांनी या निकालाविरुद्ध १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला.

त्या मुलीच्या शरीराची बाजू मात्र अजून नीट ऐकली गेलेली नाही. भयाने शरीर पुष्कळदा झुंजत नाही, गोठते. स्टॉकहोममधील बलात्कारपीडितांच्या चिकित्सालयात आलेल्या २९८ स्त्रियांच्या अभ्यासात (२०१७) ७० टक्के स्त्रियांचे अंग त्या वेळी लक्षणीय प्रमाणात जखडल्याचे आढळले. अशा स्त्रियांना पुढे आघाताचा मानसिक त्रासही अधिक झाला.

आज अत्याचार सोसून बालकल्याण समितीपुढे आलेल्या मुलीला आपण एकच शब्द ऐकवतो: सांग. पोलिसांना सांग, डॉक्टरांना सांग, समितीला सांग, मग समुपदेशकालाही सांग. तेही मराठीत, तिची भाषा गोंडी किंवा माडिया असली तरी. ज्या मुलीला आवाज चढला की धाप लागते, पाठीमागून कुणी आले की अंग आक्रसते, तिच्यावरचा उपचार श्वास, ताल आणि हालचाल यांपासूनच सुरू व्हायला हवा. मनोविकारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क यांनी अमेरिकेत जुन्या आघाताने ग्रासलेल्या ६४ स्त्रियांवर केलेला प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याला एक तास, असे दहा आठवडे योग केलेल्यांपैकी ५२ टक्के स्त्रिया आघातोत्तर तणावविकाराच्या निदानाच्या बाहेर आल्या, योग न केलेल्या गटातील २१ टक्के. त्या प्रौढ होत्या, बालगृहातील मुली नव्हत्या, हे लक्षात ठेवूनही फरक मोठाच म्हणावा लागेल.

योगाच्या या पद्धतीत शिक्षिका हुकूम सोडत नाही, न विचारता अंगाला हात लावत नाही, डोळे मिटायची सक्ती करत नाही. मुलगी ‘नको’ म्हणू शकते, आणि तिचे ‘नको’ मानले जाणे हाच उपचाराचा गाभा आहे. शिटीवर चालणारी कवायत याच्या नेमकी उलट.

बाल न्यायाच्या २०१६च्या आदर्श नियमांत बालगृहांसाठी व्यायाम व योगशिक्षकाचे पद आहेच. चंद्रपूर-गडचिरोलीत ते भरताना गोंडी-माडिया बोलणाऱ्या स्त्रिया निवडाव्यात, त्यांना आघाताची जाण देणारे प्रशिक्षण द्यावे. रेला या समूहनृत्याच्या फेरात हात गुंफून नाचलेल्या मुलींना ताल परका नाही. त्यांना हवा असेल तर रेलाही तिथे यावा. आणि एखादी मुलगी दिवसभर भिंतीला टेकून नुसती बसून राहिली, तर नोंदवहीत तिच्या नावापुढे ‘उद्धट’ असा शेरा पडता कामा नये.