पावती नसलेले बिल



काटकसरीचा उपदेश ऐकला की शेतकऱ्याला चीड येते, आणि ती रास्त आहे. ज्याच्या कापसाचा उत्पादनखर्चही भरून निघत नाही, त्याला दिवे विझवायला सांगणारे बहुधा वातानुकूलित खोलीत बसलेले असतात. तरीही या बैठकीच्या अंकात घरच्या विजेचा आणि सरपणाचा विषय घेतला आहे. देशासाठी त्याग करा, असे सांगायचे नाही. आपल्याच घरातून रोज पैसा आणि आयुष्य गळते आहे, त्याचा हिशेब मांडायचा आहे.

पहिला हिशेब विजेचा. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना २०२४ पासून राज्य सरकारने मोफत वीज जाहीर केली. पण मालेगाव तालुक्यातल्या कोरडवाहू माणसाच्या विहिरीला पाणीच नाही, तर पंप कुठला? त्याला येते ते घरच्या मीटरचे बिल, आणि त्याला ही माफी लागू नाही.

हे बिल नीट वाचा. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी आहे. त्यापुढच्या ३०० पर्यंतच्या युनिटांचा वीज आकार जवळपास दुप्पट आहे. महिन्याला १३० युनिट जळत असतील, तर वरचे ३० युनिट सर्वांत महाग पडतात. ते कसे वाचतील? सपरीत किंवा गोठ्यात अजून ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब असेल, तर रोज पाच तासांत तो महिन्याला ९ युनिट खातो. तेवढाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी दिवा दीड युनिटही खात नाही. असे दोन बल्ब बदलले की १५ युनिट वाचले. जुना ७५ वॅटचा पंखा रोज दहा तास चालला तर महिन्याला साडेबावीस युनिट लागतात. नव्या बीएलडीसी पंख्याला साधारण ९. हा पंखा महाग आहे, म्हणून चालता पंखा टाकू नका. जुना जळाला की पुन्हा गुंडाळून आणण्यापूर्वी मात्र हा हिशेब करा. दोन बल्ब आणि एक पंखा मिळून २८ युनिट होतात.

प्रदूषणाचे म्हणाल, तर तेही आपल्याच अंगणात आहे. कोळशाच्या विजेचे एक युनिट तयार करायला ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो आणि आपल्याकडच्या कोळशात साधारण तिसरा हिस्सा किंवा अधिक राखच असते. पारस, कोराडी, चंद्रपूर ही औष्णिक केंद्रे विदर्भात आहेत. वीज साऱ्या राज्याला जाते, धूर आणि राख इथे उरते. घरातला एक बल्ब बदलल्याने पारसची चिमणी थंड होणार नाही, हे खरे. पण बिल आपले कमी होते, आणि शहरांतल्या चैनीच्या विजेबद्दल जाब विचारण्याचा आपला अधिकार आणखी पक्का होतो.

दुसरा हिशेब अधिक मोठा आहे, पण त्याची पावती येत नाही. तो चुलीचा.

उज्ज्वला योजना २०१६ च्या १ मे रोजी सुरू झाली आणि सिलिंडर गावोगाव पोचला. पण सिलिंडर भरायला नगद पैसा लागतो आणि नगद पैसा कापूस विकल्याशिवाय हाती येत नाही. म्हणून कित्येक घरांत चहा गॅसवर आणि ज्वारीची भाकरी चुलीवर, अशी वाटणी झाली आहे. चुलीला खर्च नाही, असे आपण म्हणतो. पऱ्हाटी आपली, तुराटी आपली, गोवऱ्या आपल्या. पण ती पऱ्हाटी उपटते कोण, मोळी डोक्यावर आणते कोण, फुंकणीने धूर कोण गिळते? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या अशा धुराने २०२० या एका वर्षात जगात ३२ लाख माणसे मेली. आपल्याकडे त्याला दमा म्हणतात, खोकला म्हणतात, आणि म्हातारपण म्हणून सोडून देतात.

साध्या चुलीत सरपणातली साधारण दहा टक्केच उष्णता भांड्याला लागते. चांगल्या सुधारित चुलीत ती वीस टक्क्यांच्या पुढे जाते, म्हणजे सरपण निम्मे लागते. रोज ५ किलो जळत असेल तर वर्षाचे १८ क्विंटल होतात. त्यातले ९ वाचले, तर तितक्या मोळ्या बाईच्या डोक्यावरून उतरल्या.

सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम केंद्र सरकारने १९८० च्या दशकात काढला आणि २००२ मध्ये तो बंद झाला. अनेक गावांत उद्दिष्ट पुरे करण्यासाठी चुली बसवल्या गेल्या; धुराडे तुंबले, कोणी साफ केले नाही, आणि बाई पुन्हा जुन्या चुलीकडे वळली. फुकट आलेल्या वस्तूचा कोणी मालक नसतो. पुण्याच्या आरती या संस्थेने पुढे वेगळी वाट धरली. ग्रामीण कारागिरांना चूल घडवायला आणि अनुदानाशिवाय रास्त किमतीला विकायला शिकवले. आपल्याला पटेल अशी वाट हीच आहे.

आता कापसाची गोष्ट. चुलीसाठी पऱ्हाटीचे ढीग आपण घराजवळ किंवा बांधावर वर्षभर रचून ठेवतो. त्या पऱ्हाटीवरच्या न फुटलेल्या, किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत राहते आणि पुढच्या हंगामात तिचे पतंग आपल्याच पिकावर येतात. २०१७ मध्ये बीटी कापसावर या अळीने विदर्भात काय केले, ते सांगायला नको. तेव्हा शेवटच्या वेचणीनंतर शेतात शेळ्या-मेंढ्या चारा, पऱ्हाटी साठवण्याआधी किडकी बोंडे तोडून जाळा, आणि ढीग पावसाळ्यापूर्वी संपेल एवढाच करा. सरपण निम्मे लागले तर ढीगही निम्माच होईल. उरलेली पऱ्हाटी बारीक करून कुजवली तर आपल्या हलक्या जमिनीला सेंद्रिय खत मिळेल.

घरात वाचलेला रुपया कापसाच्या भावाची जागा घेत नाही. भावाची लढाई चालूच राहील. पण उत्पादनखर्चाचा हिशेब मागणाऱ्या आपण घरातल्या बाईच्या श्रमाचा खर्च त्यात कधी धरला? १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये चांदवडच्या अधिवेशनात शेतकरी महिला लाखांनी जमल्या, तेव्हापासून हा प्रश्न आपल्यासमोर आहे.

म्हणून पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने दोन गोष्टी आणाव्यात. एक, घरचे शेवटचे वीजबिल. दुसरी, एका आठवड्यात चुलीत किती किलो सरपण जळले, त्याचा तराजूवर तोललेला आकडा. आणि तो आकडा सांगायला घरच्या बाईलाच सोबत आणावे. चूल तिची आहे, हिशेबही तिच्याच तोंडून ऐकू.