तीस किलोची ‘म्हैसूर’

“तुम्ही म्हणे घरात लढाऊ जहाज बांधताय?” हा प्रश्न मला गेली चार वर्षे लग्नात, बारशात आणि एकदा तर स्मशानातही विचारला गेला. विचारणाऱ्याच्या डोळ्यांत थोडे कौतुक आणि बरीचशी काळजी असते. तेव्हा आज एकदाचे सगळे सांगून टाकतो, म्हणजे भाजीमार्केटात पिशवी धरून पुन्हा पुन्हा सांगायला नको.

होय, बांधतोय. पण शोकेसमध्ये ठेवायचे नव्हे. पाण्यात चालणारे, काठावर उभे राहून रेडिओ कंट्रोलने वळवता येणारे. लांबी दोन मीटर पस्तीस सेंटीमीटर, म्हणजे आमच्या दिवाणापेक्षा दीड फूट जास्त. रुंदी सव्वीस सेंटीमीटर आणि वजन तीस किलो. खऱ्या जहाजाच्या बहात्तर पट लहान. तीस वर्षे ड्रॉइंग ऑफिसात दुसऱ्यांच्या पंपांची आणि व्हॉल्व्हची चित्रे काढली, आता निवृत्तीनंतर एक वस्तू स्वतःच्या हाताने करावी असे वाटले.

हा छंद काही मी शोधून काढलेला नाही. रेडिओच्या लहरींनी बोट चालवण्याचा पहिला प्रयोग निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लोकांना करून दाखवला, आणि त्याच वर्षी पेटंटही घेतले. घरोघरी रेडिओ यायला तेव्हा अजून वीस-पंचवीस वर्षे अवकाश होता. अमेरिकेत आज काही हौशी मंडळी एकास एकशे चव्वेचाळीस या प्रमाणात युद्धनौका बांधतात, बाजू मुद्दाम पातळ बाल्सा लाकडाच्या ठेवतात आणि गॅसच्या दाबाने छर्रे मारून एकमेकांच्या बोटी खरोखरच बुडवतात. बुडालेली बोट तळ्यातून काढायची, भोके बुजवायची, पुन्हा लढायचे. मला हा प्रकार झेपणार नाही. चार वर्षांचे काम कुणी भोके पाडायला आणेल तर मी त्यालाच पाण्यात ढकलीन.

इंग्लंडमधले स्कारबरोचे पीझम पार्क मला जास्त जवळचे वाटते. तिथल्या तळ्यात १९२७ पासून उन्हाळ्यात नौदलाची लुटूपुटूची लढाई दाखवतात. जहाजे चांगली वीस-वीस फुटी, बहुतेकांच्या पोटात माणूस बसून चालवतो. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे रिव्हर प्लेटची लढाई दाखवू लागले. ती खरी लढाई १३ डिसेंबर १९३९ ची, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळची. त्यात लढलेली ‘अकिलिझ’ ही क्रूझर १९४८ मध्ये भारताने घेतली आणि ती आपली ‘दिल्ली’ झाली. पुढे १९५६ साली या लढाईवर इंग्रजी सिनेमा आला, त्यात ‘अकिलिझ’चे काम आपल्या ‘दिल्ली’नेच केले!

मग ‘दिल्ली’ का नाही बांधली, ‘म्हैसूर’च का? त्याचे उत्तर माझ्या सासुरवाडीत, बैलहोंगल तालुक्यात आहे.

आमचे मामा, म्हणजे माझे सासरे, आता पंच्याऐंशी वर्षांचे आहेत. आपल्या भागातली पोरे फौजेत जायची ती बेळगावच्या मराठा सेंटरमध्ये. मामा कानडी घरातले, समुद्र कधी न पाहिलेले, ते गेले नेव्हीत. लोणावळ्याच्या आय.एन.एस. शिवाजीवर इंजिनाचे शिक्षण झाले. मराठीही तिथेच शिकले, त्यामुळे आजही त्यांच्या मराठीला घाटावरच्या चहाच्या टपरीचा वास येतो. आणि मग स्टोकर म्हणून ते आय.एन.एस. म्हैसूरवर चढले.

या नौकेची कुळकथा थोडक्यात सांगतो. मूळ नाव ‘नायजेरिया’, इंग्लंडमध्ये जुलै १९३९ मध्ये पाण्यात सोडलेली. भारताने ती १९५४ मध्ये विकत घेतली, मोठी डागडुजी करून २९ ऑगस्ट १९५७ रोजी ती आपल्या नौदलात आली. तीन बुरुज, प्रत्येकात सहा इंची तीन तोफा. डिसेंबर १९६१ च्या गोवा मुक्तीच्या वेळी कारवारसमोरच्या अंजदीव बेटावर आपले नौसैनिक उतरले, तेव्हा त्यांच्या पाठीशी ‘त्रिशूल’ आणि ‘म्हैसूर’ या दोन नौका होत्या. आपले सात नौसैनिक तिथे कामी आले. १९७१ च्या युद्धात ‘म्हैसूर’ पश्चिम ताफ्याची ध्वजनौका होती. १९८५ मध्ये ती निवृत्त झाली आणि भंगारात गेली. १९९९ मध्ये त्याच नावाची नवी विनाशिका आली. तिचा फोटो दाखवला तेव्हा मामांनी तो नीट पाहिला, परत दिला आणि म्हणाले, “छान आहे. अदु नम्म हडगु अल्लरी.”

अंजदीवच्या दिवशी मामा जहाजावर होते. पण त्यांना बेट दिसले नाही. ते खाली, बॉयलर रूममध्ये. तोफा सुटल्या की सगळा सांगाडा थरथरायचा, पायाखालच्या लोखंडी जाळीतून तो थरथराट गुडघ्यापर्यंत यायचा, एवढीच त्यांची लढाई. हे सांगता सांगता एकदा ते सहज बोलून गेले, “ना ओळग इद्दे. होरगिंद हेंग काणतित्तु गोत्तिल्ल.” मी आत होतो, बाहेरून कशी दिसायची ते ठाऊक नाही. मुंबईच्या गोदीत उभी असलेली ‘म्हैसूर’ त्यांनी शेकडो वेळा पाहिली. पण पाणी कापत चाललेली, बाहेरून? एकदाही नाही. जहाज चालू असले की स्टोकर खाली.

जहाज तर आता जगाच्या पाठीवर कुठेच नाही. मामांचा एक डोळा जवळजवळ गेलेला, दुसऱ्याचे ऑपरेशन झालेले. म्हणून मी घाईने लाकूड आणले.

आराखडे मिळाले, पण ते ‘नायजेरिया’च्या वर्गातल्या मूळ क्रूझरचे, चार बुरुजांचे. चौथा बुरूज आपल्याकडे येण्याआधीच काढलेला. मूळ तिपायी डोलकाठ्या जाऊन त्या जागी जाळीच्या मनोऱ्यासारख्या डोलकाठ्या आलेल्या, माथ्यावरचा पूल बदललेला. तेव्हा आराखडा एकीकडे, जुने फोटो दुसरीकडे आणि मामांची आठवण मध्यभागी, असे काम चालले. मामांना डेकवरचे फारसे सांगता यायचे नाही, पण हवा खाली घेणारी तोंडे कुठे होती, कुठल्या शिडीवर डोके आपटायचे, हे सगळे पाठ. फोटोत जिथे नुसता काळा डाग दिसतो, तिथे ते बोट ठेवून सांगत, “इथून आम्ही वर यायचो, श्वास घ्यायला.”

प्लायवुडच्या फासळ्या, त्यावर लाकडी पट्ट्या, वरून फायबरग्लास आणि रेझिन. खऱ्या ‘म्हैसूर’ला चार पंखे होते. मी दोनच मोटारीवर घेतले, बाकीचे दोन पाण्याच्या ओघाने आपोआप फिरतात. शाफ्ट उद्यमबागेतल्या एका ओळखीच्या लेथवर करून घेतले. पितळी नळीत शाफ्ट, नळीत गच्च ग्रीस, म्हणजे पाणी आत येत नाही. वरचे बांधकाम डब्याच्या झाकणासारखे उचलता येते आणि झाकणाखाली दोन सेंटीमीटरचा उंबरठा आहे, लाट आली तरी आत उतरू नये म्हणून. रेडिओ आताचा २.४ गिगाहर्ट्‌झचा. त्याच्या लहरी पाण्यात शिरत नाहीत, म्हणून रिसीव्हरची तार पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावी लागते. सिग्नल तुटला तर मोटार आपोआप बंद व्हावी असेही आधीच बसवून ठेवायचे. नाहीतर जहाज तुमचा निरोप न घेता पलीकडच्या काठावर जाते.

पण या छंदातली खरी झुंज रेडिओशी नसते, वजनाशी असते. लांबी बहात्तर पट कमी केली की वजन बहात्तर गुणिले बहात्तर गुणिले बहात्तर पट कमी होते. माल भरलेली ‘म्हैसूर’ साधारण अकरा हजार टनांची, तिला तीन लाख त्र्याहत्तर हजारांनी भागा, तीस किलोच्या आसपास उत्तर येते. तेवढे वजन असेल तरच जहाज लाल रंगाच्या रेघेपर्यंत पाण्यात बसते. कमी असेल तर बदकासारखे वर तरंगते. माझा सांगाडा मोटारीसकट पंधरा किलोंचा. बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या पाच किलो. उरलेले दहा किलो शिसे, आणि ते कुठे ठेवायचे यातच सगळे आले. तळाशी, मधल्या कण्यालगत, दोन्ही बाजूंना सारखे. (शिसे स्वयंपाकघराच्या वाऱ्यालाही येता कामा नये, अशी आमच्या हिने तंबी दिली होती. ती रास्तच आहे. शिसे विषारी, हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.)

वरचे वजन हा जहाजाचा जुना वैरी. १८७० मध्ये ब्रिटिशांची ‘कॅप्टन’ ही अगदी नवी युद्धनौका स्पेनजवळ वादळात उलटली. जड बुरूज, उंच शिडे आणि पाण्यापासून बुटकी कड. पाचशेच्या घरात माणसे गेली. तिचा आराखडा करणारे कूपर कोल्स स्वतः जहाजावर होते, तेही गेले. त्यानंतर दोनच वर्षांनी विल्यम फ्राउड यांनी टॉर्की इथे एक लांबलचक हौद बांधून जहाजांची मॉडेले ओढून पाहण्याची सुरुवात केली. आम्ही हौशी लोक आज वापरतो तो वेगाचा नियम त्यांचाच. मॉडेलचा वेग बहात्तर पट कमी करायचा नसतो, बहात्तरच्या वर्गमुळाने, म्हणजे साडेआठने भागायचा. ‘म्हैसूर’चा पूर्ण वेग ३१ नॉटच्या आसपास, म्हणजे मॉडेल ताशी पावणेसात किलोमीटर जावे. झपझप चालणाऱ्या माणसाइतके. डुलण्याचेही तसेच. खरे जहाज बारा सेकंदांत एकदा डुलत असेल, तर मॉडेल दीड सेकंदाच्या आतच डुलते. सिनेमात छोट्या बोटी खोट्या का वाटतात, ते आता कळले ना?

पहिली तरंगचाचणी मेव्हण्याच्या शेतातल्या विहिरीजवळच्या सिमेंटच्या हौदात केली. शिसे मुद्दाम अर्धेच भरले होते, किती लागते ते पाहायला. मेव्हण्याच्या मुलाने डोलकाठ्या पितळी तारेच्या करून आणल्या होत्या. सुंदर दिसत होत्या, पोराने आठ दिवस डोळे फोडून झाळल्या होत्या. मी डेकवर एका कडेला बोट टेकवून सोडले. जहाज कलले, आणि परत उभे राहायला फार वेळ घेतला. आळसावलेल्या म्हशीसारखे. मामा हौदाच्या कठड्यावर हात ठेवून उभे होते. त्यांना धड दिसतही नसावे, पण पाणी कठड्यावर कसे लागते ते हाताला कळले. “म्याल भाळ भार आत्री, अळियंदिर,” ते म्हणाले.

पोराचे तोंड उतरले. पण स्टोकरपुढे काय बोलणार? डोलकाठ्या प्लास्टिकच्या काड्यांच्या केल्या, एकशे ऐंशी ग्रॅम वाचले. हे वजन उंचावरचे, म्हणून तळातल्या किलोभर शिशाच्या तोडीचे. पितळी डोलकाठ्या आता पोराच्या अभ्यासाच्या टेबलावर आहेत. पाहुण्यांना तो त्या आधी दाखवतो, जहाज नंतर.

गेल्या महिन्यात छोट्या टेम्पोतून, दोन गाद्यांमध्ये झोपवून, जहाज शेतातल्या कृषी होंडावर नेले. (होंडा म्हटले की शहरातल्या मुलांना मोटारसायकल आठवते. शेततळे, बाळांनो.) तळाशी प्लास्टिक अंथरलेले, त्यामुळे पंख्यात अडकायला शेवाळ-गवत नाही. सकाळी आठची वेळ निवडली, वारा पडलेला. वारा आणि लाटा मात्र बहात्तर पट लहान होत नाहीत, साधी झुळूकही या जहाजाला वादळच.

मामांसाठी खुर्ची नेली होती. ती त्यांनी काठाच्या अगदी टोकाशी ओढून घ्यायला लावली. पोराने पूर्ण वेगात एक फेरी मारली, पाण्याला छान मिशा फुटल्या. मामा नापसंतीने मान हलवू लागले. “निधान, निधान. रोज कोण एवढे तेल जाळतो?” मग पंधरा नॉटचा हिशेब केला, ताशी सव्वातीन किलोमीटर. जहाज त्यांच्यासमोरून, चार-पाच मीटरवरून, शांतपणे गेले. त्यांनी बरा डोळा बारीक करून ते पाहिले. मागे राहिलेल्या पाण्याच्या पट्ट्याकडे जास्त वेळ पाहिले.

“पुढच्या धुरांड्याखाली मी,” ते म्हणाले. “तिथून खाली.”

चाळीस मिनिटे जहाज चालले, बॅटरी उतरेपर्यंत. मामा त्यात दुसरे काही बोलले नाहीत. मुलगी चहा घेऊन आली, तो तसाच निवला. जहाज काठाला लागले तेव्हा त्यांनी वाकून त्याच्या कडेला हात लावला आणि मला कामाचे सांगितले. चार इंची तोफांच्या चारही जोड्या अजून बसायच्या आहेत, त्या हलक्या करा. आणि पुढल्या वेळी जहाज दुसऱ्या बाजूने आणा, इथे ऊन डोळ्यावर येते.