मुलांच्या हाती पिंजरा का द्यावा?

वार्षिक परीक्षा संपल्या की घराघरांतून मुलांचे जे हट्ट सुरू होतात, त्यांत पाखराचा हट्ट पुष्कळ जुना आहे. कुत्रा पाळायचा तर जागा हवी, पैसा हवा आणि शेजाऱ्यांची सहनशीलताही हवी. 'लव्ह बर्ड्‌स'ची एक जोडी मात्र खिडकीच्या गजाला टांगलेल्या पिंजऱ्यात मावते, मूठभर राळ्यावर जगते आणि पिंजऱ्याच्या तळाशी घालायला शिळे वर्तमानपत्र पुरते. (प्रस्तुत लेखाचे अंतिम स्थान तेच असेल, याची लेखकाला जाणीव आहे.) वडील थोडे कुरकुरतात, आई आधीच हताश झालेली असते, आणि पाखरू घरी येते. विषय क्षुल्लक वाटावा असाच आहे. परंतु एका सजीवावर आपली मालकी असू शकते, हा धडा मूल बहुधा येथेच प्रथम शिकते; आणि तो कसा शिकावा, हा प्रश्न क्षुल्लक नाही.

या प्रश्नाचा विचार करायला मुंबईच्या उपनगरांत गोराईइतके सोयीचे स्थळ नाही. गोराई हे नाव वस्तुतः दोन ठिकाणांना लागते. खाडीच्या अलीकडे, बोरिवली पश्चिमेस, जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८५ मध्ये सुरू झालेल्या योजनेत आखलेल्या लहान भूखंडांवरची दाट वस्ती आहे. खाडीच्या पलीकडे कोळ्यांचे आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाचे मूळ गाव आहे. पक्ष्यांशी माणसाने कसे वागावे, याचे तीन निरनिराळे नमुने या एवढ्याशा टापूत पाहायला मिळतात. खाडीपलीकडे, १९८९ पासून २०२२ पर्यंत जेथे एस्सेलवर्ल्ड हे करमणुकीचे उद्यान चालले, त्याच परिसरात २०१८ मध्ये परदेशी पक्ष्यांचे एक उद्यान उघडण्यात आले आणि तिकीट काढून मकाव व काकाकुवा पाहण्याची सोय झाली. खाडीअलीकडे, २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून शहरात रण माजल्यावर महानगरपालिकेने कबुतरांना ठरावीक वेळी दाणे टाकण्यासाठी ज्या चार जागा तात्पुरत्या नेमून दिल्या, त्यांत गोराईचे मैदान होते. आणि या दोहोंच्या मध्ये खाडीच्या कांदळवनात बगळे, खंड्या, पाणकावळे आणि घारी कोणाच्याही परवानगीवाचून राहतात. पैसे देऊन पाहायचा पक्षी, पुण्यासाठी पोसायचा पक्षी आणि आपल्या हिमतीवर जगणारा पक्षी! मुलाच्या हट्टात यांपैकी तिसरा सहसा नसतो, याचेच वाईट वाटते.

प्रथम कायद्याचे बोलू, कारण त्याविषयी सुशिक्षितांतही विलक्षण अज्ञान आहे. आपला नेहमीचा हिरवा पोपट, ज्याला आपण कौतुकाने राघू किंवा मिठू म्हणतो, तो पाळणे हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याला पकडणे निषिद्ध आहे, १९९१ च्या सुधारणेने त्याच्या व्यापारालाही पायबंद बसला आणि २०२२ च्या दुरुस्तीने या कायद्याखालील सर्वसाधारण दंडाची मर्यादा २५,००० रुपयांवरून १ लाख रुपयांवर नेली. मुनिया आणि मैना यांचीही गोष्ट तीच. उलट प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा असे सांगतो की, ज्यात पक्ष्याला पुरेशी हालचाल करता येत नाही अशा पिंजऱ्यात त्याला कोंडणे हादेखील गुन्हा आहे. परंतु पहिल्या गुन्ह्याला त्याने ठेवलेला दंड किमान १० आणि कमाल ५० रुपये आहे. १९६० मध्ये ५० रुपयांना काही अर्थ होता. आज तेवढ्यात पिंजऱ्यातील दाण्याची वाटीसुद्धा जेमतेम येईल. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये एका प्रकरणात पक्ष्यांना आकाशात उडण्याचा हक्क असल्याचे आणि त्यांना पिंजऱ्यात कोंडता येणार नसल्याचे मत व्यक्त केले होते. त्या मताने अनेकांना गहिवरून आले. पिंजऱ्यांची विक्री काही थांबली नाही.

राहिले परदेशी पक्षी. बजरीगार मूळचा ऑस्ट्रेलियाचा. जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने तो १८४० मध्ये इंग्लंडला जिवंत नेला आणि तेव्हापासून त्याच्या शेकडो पिढ्या माणसाच्या कैदेतच निपजल्या. लव्ह बर्ड मूळचा आफ्रिकेचा. दुर्मीळ परदेशी जातींच्या नोंदणीचे नियम आता झाले आहेत. बजरीगारसारखे सर्रास निपजणारे पक्षी आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतूनही वगळलेले आहेत. तेव्हा हा पक्षी पाळण्यात कायद्याची अडचण नाही, आणि त्याला सोडून देण्यात भूतदयाही नाही. गोराईच्या गॅलरीतून 'मुक्त' केलेले बजरीगार पहिल्याच दिवशी कावळ्याच्या तोंडी जाईल. म्हणून 'सर्व पिंजरे उघडा' ही घोषणा मला पटत नाही. जे पक्षी घरात आहेत त्यांना नीट सांभाळावे, दोघे असतील तर दोघांना एकत्र ठेवावे, पिंजरा शक्य तितका मोठा करावा. प्रश्न आहे तो पुढच्या खरेदीचा.

येथे अर्थशास्त्राचा अध्यापक या नात्याने एक गोष्ट सांगितली पाहिजे. विक्रेत्याला खरेदीदाराच्या मनातील हेतू कळत नाही, त्याला फक्त मागणी कळते. महात्मा फुले मंडईतील, म्हणजे जुन्या क्रॉफर्ड मार्केटमधील, पक्ष्यांच्या दुकानापुढून जाताना एखाद्या मुलाला कोंदलेल्या पिंजऱ्यातील पाखराची कणव येते. ते वडिलांना ते विकत घ्यायला लावते आणि आपण एक जीव वाचविला या समाधानात घरी येते. वस्तुतः त्याने रिकाम्या झालेल्या जागी दुसरा पक्षी आणण्याचे पैसे पुरविलेले असतात. सणासुदीला मुनियांचा पिंजरा विकत घेऊन त्या सोडून देण्याचा जो प्रघात आहे, त्याचेही गणित हेच. सोडण्यासाठी विकत घेणारे गिऱ्हाईक आहे, म्हणून पकडणारा पारधी आहे. दयेने केलेली खरेदी ही क्रौर्याच्या बाजारातील खरेदीच असते, आणि बाजार दोहोंचे पैसे एकाच गल्ल्यात टाकतो. याची उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. युरोपीय संघाने २००५ मध्ये बर्ड फ्लूच्या भीतीने वन्य पक्ष्यांची आयात थांबविली आणि २००७ मध्ये ती बंदी कायम केली. म्हणून तेथील लोकांची हौस संपली नाही. त्यांना कैदेत निपजलेल्या पक्ष्यांवर समाधान मानावे लागले, एवढेच. मागणीला वळण लावता येते, याचा हा पुरावा आहे.

दुसरा मुद्दा काळाचा. खेळण्याची किंमत ते विकत घेताना एकदाच द्यावी लागते. पक्ष्याची किंमत रोज द्यावी लागते, आणि ती देणारा बदलतो. बजरीगार पाच-दहा वर्षे जगते. मोठ्या जातीचा पोपट वीस-वीस वर्षे आणि त्याहूनही अधिक जगतो. तेरा वर्षांच्या मुलाने आणलेला असा पक्षी, ते मूल पदवीधर होऊन, नोकरीला लागून, कदाचित परगावी संसार थाटून बसले तरी, त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात ओरडत असतो. दहावीच्या वर्षात पिंजरा कोण साफ करतो, हे घरोघरच्या आयांना विचारावे. तेव्हा 'मुलांना जबाबदारी कळावी म्हणून पक्षी घेतो' असे म्हणणाऱ्या पालकांनी जबाबदारी नेमकी कोणाची होणार, हे आधी ठरवावे. पाखराच्या विष्ठेपासून आणि पिसांपासून होणारे श्वसनाचे विकार हाही विषय आहे. कबुतरांच्या निमित्ताने त्यावर इतकी चर्चा झाली आहे की येथे पुनरुक्ती नको. घरात दमेकरी असेल तर हौसेआधी डॉक्टरांना विचारावे.

तथापि एका आक्षेपाला उत्तर देणे भाग आहे, आणि तो मला दुबळा वाटत नाही. ज्याच्या घराभोवती झाडे आहेत, अंगण आहे, त्याने पिंजऱ्याविरुद्ध लिहिणे सोपे असते. गोराई-चारकोपच्या बैठ्या घरातील किंवा एका खोलीतील मुलाला जिवंत, मऊ, उष्ण असे काही जवळ हवेसे वाटले तर त्याने काय करावे? पाखरू हा गरीब मध्यमवर्गाला परवडणारा एकमेव प्राणी आहे. ही भूक खरी आहे, आणि केवळ उपदेशाने ती भागणार नाही. परंतु पिंजरा तरी ती भागवितो काय? पोपट बोलतो म्हणून मुले हरखतात. मुळात तो थव्यात राहणारा प्राणी. थव्यातील सोबत्यांशी सतत आवाज देत-घेत जगणारा. सोबती उरला नाही की जो आवाज कानी पडतो तो तो उचलतो. ज्याला आपण त्याची करमणूक समजतो तो त्याचा एकांतवास असतो. अर्थ न कळता पाठ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला आपण पोपटपंचीचा दोष देतो. त्या दोषाचे मूळ पोपटात नाही, पिंजऱ्यात आहे.

पक्ष्यांचा नाद मुलाला लागण्यासाठी पक्षी त्याच्या मालकीचा असावा लागत नाही. डॉ. सालिम अली यांचे उदाहरण सर्वज्ञात आहे. मुंबईतल्या एका मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिचा गळा पिवळा दिसला, मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठविले, आणि तेथे मिलार्ड नावाच्या साहेबाने कपाटे उघडून दाखविली. बंदुकीचे समर्थन कोणी करणार नाही. पण त्या मुलाचे आयुष्य बदलले ते कोणीतरी वेळ काढून त्याला पक्ष्याचे नाव सांगितले म्हणून. मारुती चितमपल्ली यांनी मराठीला 'पक्षिकोश' दिला. आमच्या महाविद्यालयातील मुलांना मकाव ओळखता येतो. हरियल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे हे सांगितले तर ती चकित होतात. यात मुलांचा दोष कमी आणि आपला अधिक आहे.

बोरिवलीच्या शाळांना यासाठी मोठा खर्च येणार नाही. गोराई खाडीच्या धक्क्यावरून पलीकडे होड्या जातात. हिवाळ्यात ओहोटीच्या वेळी चिखलावर चिखल्या, तुतवार आणि इतर पाहुणे उतरतात, कुरव पाण्यावर तरंगतात, आणि सुकत टाकलेल्या बोंबलांवर घारींचा डोळा असतो. दोन जुन्या दुर्बिणी, एक वही आणि पक्ष्यांची मराठी नावे ठाऊक असलेला एक शिक्षक पुरे. तो न मिळाल्यास गावातील एखाद्या वृद्ध कोळ्याला बरोबर घ्यावे. ओहोटी किती वाजता लागेल हेही त्यालाच विचारावे.