चार मीटरात सात माणसं

परतूरच्या बाजारपेठेत माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. तेहतीस वर्षं ब्लाऊज शिवतोय. गिऱ्हाईक मोबाइलवर नटीचा फोटो दाखवून म्हणतं, अस्संच पाहिजे. मी आधी विचारतो, "ताई, फळीवरचा डबा हात वर करून काढावा लागतो का?" लागत असेल तर ती बाही चालायची नाही. फोटोतल्या बाईला डबा काढायचा नसतो.

गाडी घ्यायचं घरात ठरलं तेव्हा मी असाच टेप खिशात टाकून मुलाबरोबर जालन्याला गेलो. आम्ही सात जण: आई, आम्ही दोघं, मुलगा, सून आणि दोन नातवंडं. आईला एक्क्याऐंशी वर्षं झालीत, गुडघे केव्हाच गेलेत आणि नऊवारी सुटलेली नाही. मी दाराची रुंदी मोजायला लागलो तसा तिथला पोरगा हसला, "काका, गाडी घेताय की ड्रेस?" मुलगा लाजून दुसऱ्या गाडीकडे गेला.

त्याचं मन उंच बोनेटच्या गाड्यांवर. आमच्याकडे पुढाऱ्यांच्या मागे गाड्यांचा ताफा धावतो, पोरांच्या डोळ्यांत तीच चित्रं. मी व्हॅन सुचवली की त्याला शाळेची पोरं आठवतात, नाहीतर ॲम्ब्युलन्स, नाहीतर सिनेमातलं अपहरण. कंपन्यांनाही हे कळलेलं आहे. म्हणून घरगुती गाडीच्या चाकांवर काळ्या प्लॅस्टिकची पट्टी येते, टपावर दांडे येतात. हे म्हणजे सुती ब्लाऊजला जरीची पायपिंग. लावा, माझं काही म्हणणं नाही. पण त्या नादात मागची खिडकी तिरपी वर चढवतात, ते मला पटत नाही. मागे बसलेल्या पोराला बाहेरचं रान दिसत नाही, समोर नुसती सीटची पाठ दिसते. मग त्याला गाडी लागते. शेगावला जाताना मंठा ओलांडायच्या आत आमच्या धाकट्याने भाड्याच्या गाडीत आजीचा पदर खराब केला होता.

गाडी बेतणाऱ्या कटिंगवाल्याची अडचण मात्र मला समजते. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या लहान गाड्यांना करात सवलत मिळाली आणि तेव्हापासून ती रेघ पुसली गेली नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून तर रेघेच्या आतल्या लहान गाडीवर १८ टक्के जीएसटी आणि बाहेरच्या गाडीवर ४०. इंजिनाच्याही अटी आहेत, पण डोळ्याला दिसते ती लांबी. म्हणजे कापड मिळणार चार मीटर आणि बसवायची सात माणसं. रेनोची ट्रायबर २०१९ मध्ये आली, तिची लांबी ३,९९० मिलिमीटर. कापडातलं एक सेंटिमीटर उरवलं! अशी कटिंग मी कुणाची केली असती तर उस्तादाने पाठ थोपटली असती. मागची सीट काढून ठेवली की ६२५ लिटर सामानाची जागा होते. मात्र सातही जण बसले तर डिक्की उरते ८४ लिटर, म्हणजे फराळाचा डबा आणि एखादी मोठी पिशवी. शिवणीत माया ठेवायला जागाच नाही. एर्टिगा चार मीटरहून बरीच लांब, तिच्यात माया आहे, पण ती पडली रेघेच्या बाहेर.

तरीही लांबीपेक्षा मला दाराची चिंता जास्त. आमची गल्ली दोन ओट्यांच्या मध्ये साडेसात फूट. आजची सात जणांची गाडी पावणेसहा फुटांच्या आसपास रुंद. दोन्ही बाजू मिळून उरले पावणेदोन फूट. बाहेर उघडणारं दार एक वीत उघडतं आणि ओट्याला टेकतं. त्या फटीतून नातू निसटेल, नऊवारीतली आई कशी निघेल? सरकतं दार असेल तर गाडी एका ओट्याला लावून दुसऱ्या बाजूने सगळं मोकळं.

हे दार आपल्याकडे १९८४ पासून आहे. अमेरिकेत क्रायस्लरने आणि फ्रान्समध्ये रेनोने कुटुंबाची व्हॅन रुजवली तोच सुमार. आपली मारुती व्हॅन त्यांच्यापुढे काडेपेटी, ७९६ सीसीची, इंजिन पुढच्या सीटखाली. पुढे तिचं नाव ओम्नी झालं. उन्हाळ्यात बसलेल्याच्या बुडाला चटके बसायचे, पण लग्नाचं वऱ्हाड, आहेराची भांडी आणि वाजंत्री, सगळं मावायचं. खोटं कशाला बोलू, तिच्यात पुढे बसणाऱ्याचे गुडघेच सगळ्यांच्या आधी होते. धडक झाली तर मध्ये पत्र्याशिवाय काही नाही. सुरक्षेचे नियम कडक झाल्यावर २०१९ मध्ये ती बंद झाली ते योग्यच झालं. पण तिच्याबरोबर दारही का जावं?

आज सरकतं दार आहे ते मारुतीच्या ईकोला, आणि मग थेट कार्निव्हल, वेलफायर अशा बड्या गाड्यांना. एक पाच-सहा लाखांच्या घरातली, दुसऱ्या अर्ध्या कोटीच्या वरच्या, त्यांत वेलफायर तर कोटीच्याही वर. कोट्यधीशाचं दार सरकलं की थाट आणि आमचं सरकलं की स्कूल व्हॅन! मधल्या दहा-बारा लाखांत घर बघून गाडी घेणाऱ्या माणसासाठी कुणीही हे दार करत नाही. वजन वाढतं, खर्च वाढतो, रुळात धूळ बसते, हे सगळं खरं. आमच्याकडची धूळ तर शिलाई मशीनच्या बॉबिनमध्येही शिरते. मग तेल घालतो आम्ही, मशीन फेकून देत नाही.

मुलाचं म्हणणं, "अण्णा, गाडी काय रोज आजीला चढवायला घ्यायची का?" रोज नाही. पण जी रोज लागते ती मोटारसायकल दारात उभी आहेच.

बुकिंग अजून झालेलं नाही. परवा आष्टीला लग्न होतं, शेजाऱ्याची ईको सांगितली. ती पाच फुटांहूनही अरुंद, गल्लीत अलगद आली. जमिनीपासून पायरी उंच पडते म्हणून शेजाऱ्याने पाट ठेवला. आईने एका हाताने काष्टा सावरला, दुसऱ्याने दाराची कड धरली आणि पाटावरून आत गेली. मुलगा आधाराला हात पुढे करून उभा होता. तो तसाच राहिला. आतून आई म्हणाली, "आता उभा काय राहिलास? दार लाव, ऊन येतंय."