कॉमन प्लॉटमधला खो

गेल्या रविवारी सकाळी मोजपट्टी आणि चुन्याची पिशवी घेऊन आम्ही सोसायटीच्या कॉमन प्लॉटमध्ये उतरलो, तेव्हा गॅलरीतून कोणीतरी विचारलेच, "सर, कोणाच्या घरचे लग्न?"

निमित्त निराळे होते. आमच्या शाळेतील सातवीची एक मुलगी खो-खोत अशी पळते की पाठलाग करणाऱ्यांची दमछाक व्हावी. राज्य सरकारच्या खेल महाकुंभासाठी आम्ही तिचे नाव घातले. दुसऱ्या दिवशी तिने ते मागे घेतले. ती आमच्याच सोसायटीत राहते. मुलींनीही खेळले पाहिजे, असे छोटेखानी व्याख्यान मनात जुळवून आम्ही तिच्या घरी गेलो. आईने ते सुरूच होऊ दिले नाही. "सर, मी कुठे नाही म्हणते? पण संध्याकाळी सराव करायचा कुठे? खाली गाड्या, बाहेर मार्केटचे टेम्पो."

वाचकहो, आम्ही निरुत्तर झालो. पर्वत पाटियात कापडाची मार्केटे उभी राहिली, इमारती वाढल्या. बॉक्स क्रिकेटला तासाचे भाडे मोजावे लागते. लालभाई कॉन्ट्रॅक्टर स्टेडियम पडले लांब, डुमसचा समुद्रकिनारा त्याहून दूर. रोज संध्याकाळी तिथे लेकराला कोण नेणार?

वास्तविक आपले खेळ फार थोडे मागतात. पुरुषांच्या कबड्डीला १३ मीटर लांब, १० मीटर रुंद जागा पुरते. खो-खोचे नियम १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने बांधले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण हुतुतूचे नियम १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने छापले, हे गुजरातेत राहूनही आपल्या मुलांना ठाऊक नसते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि पुरुष व महिला असे दोन्ही चषक भारताने जिंकले. महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे, हे त्या मुलीनेच आम्हांला सांगितले!

तर मोजणी. खो-खोचे २७ बाय १६ मीटरचे मैदान आमच्या प्लॉटमध्ये बसेना. मग पाटी आखडती घेऊन आठांऐवजी पाचच चौकोन आखायचे ठरवले. चौथ्या चौकोनावर एक स्कूटर आडवी उभी होती. कोणाची म्हणून तावातावाने विचारणार, तोच ध्यानात आले की ती आमचीच! गेली कित्येक वर्षे ती तिथेच उभी राहते. बाकीच्यांची समजूत घालणे त्यामुळे जरा सोपे गेले. दोघांनी मात्र गाड्या हलवल्या नाहीत; तेवढी रेषा वाकडी काढली.

नऊ वाजेपर्यंत चौदा मुले खेळली, त्यांत सहा मुली. ती मुलगी दोनदा पडली, गुडघा खरचटला, पण बाद झाली नाही. आई जिन्यात उभी राहून पाहत होती. खेळ संपल्यावर खाली आली आणि म्हणाली,

"सर, पुढच्या रविवारी साडेसहालाच सुरू केले तर? सातला नळाला पाणी येते, मला थांबता येत नाही."